धुण्याआधी धुतलेले पाय

“हिचे पाय नकोत. दुसरी बघा.”

आवाज चढलेला नव्हता. बाजारात वांगी निवडताना बायका बोलतात तेवढाच. एक उचललं, पाहिलं, परत ठेवलं.

मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. हातात मखमली फाईल, फाईलीत मानपत्र. पडद्याच्या पलीकडे, रंगमंचामागच्या अरुंद बोळात, एक लाकडी बाक होता. बाकावर महापालिकेच्या पाच सफाई कामगार बायका ओळीनं बसलेल्या. साड्या पोटरीपर्यंत वर घेतलेल्या, पाय पुढे केलेले. मुकादम, म्हणजे त्यांची हजेरी घेणारा आणि काम वाटून देणारा माणूस, बादलीतलं पाणी मग्यानं त्यांच्या पायांवर ओतत होता. पाण्याला फिनेलचा वास येत होता.

त्या दिवशी आमच्या शहराच्या महापौरांचा नागरी सत्कार होता. सकाळी अकराला, नाट्यगृहात. शहराचं नाव लिहीत नाही. नांदेड-लातूर पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. कार्यक्रम असा ठरला होता की आधी महापौर पाच सफाई कामगार महिलांचे पाय स्वतःच्या हातांनी धुणार, पुसणार, कुंकू लावणार. मग नागरिकांच्या वतीनं महापौरांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र मी वाचणार होते. लिहिलंही मीच होतं.

म्हणजे जे पाय स्टेजवर धुतले जाणार होते, ते आधी इथे धुतले जात होते. मुकादमाला वरून तसा निरोप होता. बायका कामावरून तशाच आणा, अंगावरची नारिंगी जाकिटं राहू द्या, पाय तेवढे स्वच्छ करून घ्या.

पडद्याच्या फटीतून मला चेहरे दिसत नव्हते. फक्त पाय. पाच जोड. तिसरा जोड मी ओळखला. डाव्या अंगठ्याला नख नाही, गटाराच्या चेंबरचं झाकण पडलं होतं त्यावर. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी फुगून आलेली, खाली लाल. टाचेत काच घुसल्याचा वण, अजून ओला.

माझ्या आईचे पाय.

आणि बोलणाऱ्या अक्का होत्या.

मुकादम बोलला असता तर मी हे लिहायला बसले नसते. मुकादमांची बोलणी ऐकतच वाढले. अक्कांचा पीए बोलला असता तरी मी गिळलं असतं. गिळणं मला जमतं. पण अक्का?

अक्का म्हणजे आमच्या महापौर. सगळं शहर त्यांना अक्का म्हणतं. उदगीरकडे सासरची मोठी शेती, सासरे मुख्याध्यापक होते, नवरा डॉक्टर. त्या पहिल्यांदा नगरसेविका झाल्या त्या आमच्याच वॉर्डातून. मी तेव्हा सहा वर्षांची होते. वडील आधीच गेलेले. मुखेडकडून आलेली माझी आई झाडूवाली म्हणून लागलेली. कुणीतरी तिला सांगितलं की इंग्रजी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवतात, सरकारचा नियम आहे. आई मला घेऊन त्या शाळेत गेली. मुख्याध्यापक बाईंनी आमचं आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. त्यांनी परत विचारलं. आईनं परत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, जागा भरल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्याबरोबर आल्या. त्याच खोलीत, त्याच खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आडनाव दोनदा कामून विचारता बाई? लेकराचा अभ्यास विचारा.”

मला प्रवेश मिळाला.

हे घडलं आहे. मी त्यावर पाणी फिरवणार नाही. ते एक वाक्य मी पंधरा वर्षं जवळ बाळगलं. वर्गात कुणी माझ्या डब्यापासून आपला डबा सरकवला की मी ते मनात म्हणायची. कुणी वाढदिवसाला बाकी सगळ्यांना बोलावलं की म्हणायची. मला वाटायचं, या शहरात एक बाई आहे जिला माझं आडनाव ऐकू येत नाही.

शाळेनं मला इंग्रजी दिलं आणि बोलणं काढून घेतलं. घरी इंग्रजी चालत नव्हतं, शाळेत घरचं चालत नव्हतं. मग मी गप्पच राहायला लागले. गप्प माणसाला खूप दिसतं. कोण कुणाला आधी नमस्कार करतं, कोणाच्या हातून कोण पाणी घेतं, कोण नाव विचारून झाल्यावर थांबतं आणि कोण पुढचंही विचारतं.

सातवीतली एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सांगायला मला आजही आवडत नाही.

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मला निबंधाचं बक्षीस होतं. प्रमुख पाहुण्या अक्का. आईला मी येऊ नको म्हटलं नव्हतं, ये पण म्हटलं नव्हतं. ती आली. ड्युटीवरून थेट. जाकीट अंगात, पाय घोट्यापर्यंत नालीच्या गाळानं काळे. चप्पल हातात, शाळेच्या फरशीवर चिखल उमटेल म्हणून तिनं फाटकातच काढली होती. माझ्याबरोबर वर्गातल्या तीन मुली होत्या. आई माझ्याकडे बघून हसली. एका मुलीनं मला इंग्रजीत विचारलं, ही कोण?

मी म्हणाले, “आय डोन्ट नो हर.”

इंग्रजीतलं न अडखळता बोललेलं माझं पहिलं वाक्य ते.

आईला इंग्रजी येत नाही. पण तिनं चप्पल पायात घातली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. त्याच वेळी फाटकाशी अक्कांची गाडी थांबली होती. अक्का दार उघडून उतरल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी बघितलं त्यांना ऐकताना. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, आणि आत गेल्या. बक्षीस देताना माइकवर म्हणाल्या, ही माझी लेक आहे.

मला वाटलं, अक्कांनी माझं पाप पोटात घातलं. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याकडे त्याच नजरेनं बघत आले. ज्या बाईनं माझं सगळ्यात वाईट रूप पाहिलं आणि तरी लेक म्हटलं, तिच्यासाठी काय करू आणि काय नको, असं व्हायचं.

कॉलेज झालं. अक्का महापौर झाल्या. त्यांनी बोलावून मला महापालिकेच्या जनसंपर्क कक्षात घेतलं. कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. प्रेसनोट लिहायच्या, मोबाईलवर टाकायला मजकूर करायचा, इंग्रजी पत्रं बघायची. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. अक्का एका सफाई कामगार बाईला गमबूट देतायत. बाई माझी आई होती. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आय डोन्ट नो हर. वीस-बावीस वर्षांची झाले तरी तेच, फक्त आता न बोलता.

सत्काराचं ठरलं तेव्हा अक्का म्हणाल्या, मानपत्र हीच लिहील.

मानपत्र कसं असतं, सगळ्यांना माहीत आहे. ‘आपल्या कुशल नेतृत्वाने’, ‘आपल्या निरलस सेवेने’, ‘आम्हा नगरवासीयांना सार्थ अभिमान’. रेशमी कापडावर छापतात, चौकट करतात, दिवाणखान्यात टांगतात, कुणी परत वाचत नाही. मला तसं लिहायचं नव्हतं. आठ दिवस मी शब्द खोडत होते. दोन वाक्यं माझ्या जिवाची होती. एक, शाळेतलं. दुसरं असं होतं: ‘या शहराची घाण काढणाऱ्या प्रत्येक पायात आपण बूट घातलेत, आणि ज्या पायांकडे कुणी पाहिले नाही त्या पायांपुढे आपण वाकलात.’

ते लिहिण्याआधी मी कार्यालयातली बूटवाटपाची यादी बघितली होती. यादीत सगळ्यांपुढे सह्या आणि अंगठे होते. घरी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती.

“तुला बूट मिळाले ना गं?”

“मिळाले की,” ती म्हणाली. तव्यावरून नजर वर केली नाही.

मी घरात बूट कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, हजेरीच्या शेडमध्ये ठेवत असेल. पुढे विचारलं नाही. अडचणीचं पुढे न विचारणं ही माझी जुनी सवय. आईला ते वाक्य वाचून दाखवलं. तिनं भाकरी उलटली, म्हणाली, “लई चांगलं लिहिलंस.” एवढंच.

तर मी पडद्यामागे उभी होते.

“हिला काढा. त्या बचत गटाच्या सचिव बाई आल्यात ना, त्यांना बसवा,” अक्का म्हणाल्या. “फोटोत बरं दिसत नाही हे. पेपरवाले पायाचाच क्लोजअप घेतात.”

मुकादम म्हणाला, जाकीट एकच जास्तीचं आहे आणि ते बाईंना होणार नाही. मग हिचंच द्या, असं ठरलं. मी पडदा जरा सारून बघितलं. माझ्या आईनं स्वतः जाकिटाची चेन खाली ओढली. बाही काढली, दुसरी बाही काढली. घडी घातली. झटकून दिली, धूळ नको म्हणून. बचत गटाच्या सचिव बाईंनी ते दोन बोटांत धरलं, हुंगलं, आणि रेशमी ब्लाऊजवर चढवलं. त्यांच्या पायांची बोटं मला दिसली. चांदीची जोडवी, तपकिरी नेलपॉलिश. त्या पायांना धुवायची गरज नव्हती. मुकादमानं तरी थोडं पाणी शिंपडलं.

बाकावर आईशेजारी सुलोचना मावशी होती. आईच्या बरोबरच कामाला लागलेली, तोंडानं तिखट. ती मोठ्यानं म्हणाली, “आमच्या लग्नात बी एवढे पाय धुतले न्हवते बाप्पा. आता स्टेजवर परत धुनार म्हंता. झिजून जातील की.”

बायका हसल्या. मुकादम म्हणाला, “ए, गप. अक्का हायत.”

“हायत की. दिसून राहिल्या,” मावशी म्हणाली.

अक्काही हसल्या. त्यांना चिडता येत नाही, ती त्यांची ख्याती आहे. हसत हसत मेकअपच्या खोलीकडे निघून गेल्या.

मुकादमानं आईला हात केला. जा, मागं बस, चहा आला की घे.

मी वळसा घालून मागे गेले. नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या टाकीशी आई बसली होती. साडीच्या पदरानं बोटांच्या बेचक्या पुसत होती. फिनेलचं पाणी चिखल्यांत गेलं होतं, चुरचुरत असणार. मला बघून तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

“तू हितं कशाला आलीस? वाचायचंय ना तुला?”

मी विचारलं, “आई, बूट कुठे आहेत?”

“कंचे बूट?”

“फोटोतले.”

तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, “फोटू झाल्यावर मुकादमानं गोळा केले. दुसऱ्या वॉर्डात वाटायचे व्हते म्हने.”

“सगळ्यांचे?”

“हाव. सगळ्याइचे.”

“मग मला मिळाले म्हणालीस ते?”

“मिळाले व्हतेच की,” आई म्हणाली. “फोटूपुरते.”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच तेवढंच सांगत होती. मी म्हटलं, मी तसं लिहिलंय, शेकडो लोकांसमोर वाचणार आहे, तू मला एक शब्दानं सांगितलं नाहीस. ती म्हणाली, “तू त्या कागदावर वाकून लिहून राहिली व्हतीस. तुझं तोंड असं उजळलेलं मी शाळेपासून बघितलं न्हवतं. म्हनलं, कशाला.”

मग म्हणाली, “जा, वाच तू. तुझं काम हाय ते. माझे पाय काय आजचे हायत का?”

मी अक्कांच्या खोलीकडे गेले. आयुष्यात मी कुणाच्या दारावर न बोलावता टकटक केलेलं नाही. त्या दिवशी केलं. मला अजून वाटत होतं की चूक झालीय. अक्कांनी चेहरा बघितला नाही, पायच बघितले, म्हणून ओळखलं नाही. मी सांगितलं की त्या दचकतील. अगं, तुझी आई? चल, आण तिला. एवढंच होईल आणि मी सुटेन. बुटांचं नंतर बघता येईल. हे मी खरंच असं ठरवलं होतं. माझ्या मनाची तयारी अक्कांना माफ करायचीच होती.

खोलीत त्या आरशासमोर गजरा नीट करत होत्या. पीए दाराशी होता, त्याला त्यांनी बाहेर जायला सांगितलं. मी उभी राहिले. शेवटी म्हटलं, “अक्का, तिसऱ्या नंबरला बसली होती, ती माझी आई आहे.”

अक्का आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माहीत आहे की मला.”

त्यांनी गजऱ्यात पिन खोचली.

“माहीत आहे म्हणूनच काढलं,” त्या म्हणाल्या. आवाज मायेचा होता. “एवढ्या लोकांत तिचे ते पाय, आणि वर तू माइकवर. कुणी ओळखलं असतं तर? तुलाच खाली बघावं लागलं असतं. शाळेच्या फाटकात काय बोलली होतीस, विसरलीस का पोरी? मी नाही विसरले. मी कधी कुणाला सांगितलं का?”

मग वळल्या. माझ्या गालावर हात ठेवला. सातवीत ठेवला होता तसाच.

“तिला नंतर एक साडी पाठवते. तू नीट वाच. उच्चार चांगले आहेत तुझे, म्हणून तर घेतलं तुला. पुढच्या महिन्यात तुझ्या ऑर्डरचंही बघायचंय.”

मी बाहेर आले.

फसवणूक कशी असते, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होते की त्यांनी माझं ते वाक्य पोटात घातलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. वेळेला काढायला. आणि काढताना त्यांना वाईटही वाटलं नाही, कारण त्यांच्या मते ते माझ्यावर उपकारच होते. मी माझ्या आईला एकदा नाकारलं होतं. अक्कांनी हिशेब केला की मी परत नाकारीन. चुकीचा हिशेब नव्हता. नऊ वर्षांत मी तो कुठे खोटा पाडला होता? त्या फोटोखाली बसून रोज चहा पीतच होते ना मी.

हे कुणावर ढकलू? अक्कांवर अर्धं. अर्धं माझं.

स्टेजवर कार्यक्रम सुरू झाला. नाट्यगृह भरलेलं. पुढच्या रांगांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक, हदगावपासून आलेले अक्कांचे नातेवाईक. तांब्याचं घंगाळ, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. अक्का पाटावर बसल्या. पदर खोचला. पहिली बाई, दुसरी बाई. तिसऱ्या जागी माझ्या आईचं जाकीट घातलेल्या सचिव बाई. अक्कांनी त्यांचे जोडव्यांचे पाय हातात घेतले, पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. फोटोवाला म्हणाला, “अक्का, परत एकदा, इकडं बघून.” अक्कांनी परत एकदा डोकं टेकवलं. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. खरं रडत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. मीही महिनाभरापूर्वी ते दृश्य मनात आणून रडले होते, लिहिताना.

निवेदकानं माझं नाव घेतलं. फक्त नाव. आडनाव घेतलं नाही. अक्कांनीच तसं सांगितलं होतं म्हणे, आपलं घरातलं वाटायला हवं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्यात अडकून राहायला नको. माझी ऑर्डर पुढे निघाली नाही. अर्धवट वाचलेल्या मानपत्राची चौकट अक्कांच्या घरी गेली. आईला रेल्वेपलीकडच्या वॉर्डात टाकलं, रोज दोन मैल चालत जाते. ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, “सुलोचना म्हनली, पोरगी बोलती की तुझी.” त्यावर हसली नाही, रडली नाही, भाकरी वाढली. साडी आली होती. आईनं ती नेसली नाही, परतही पाठवली नाही, दारावर पडदा म्हणून लावली. मी आता शिकवण्या घेते. आणि दर सोमवारी महापालिकेच्या आवक खिडकीवर एक अर्ज देते. एकच प्रश्न असतो. खाली आता सोळा बायकांचे अंगठे आहेत. खिडकीतला माणूस शिक्का मारताना माझ्याकडे बघत नाही. मी त्याच्याकडे बघते. उत्तर आलेलं नाही. सोमवार मी चुकवणार नाही.

तर माइक.

मी वाचायला लागले. ‘सन्माननीय महापौर महोदया.’ कुशल नेतृत्व वाचलं. निरलस सेवा वाचली. शाळेचं वाक्य आलं, तेही वाचलं. ‘आडनाव नव्हे, लेकराचा अभ्यास विचारा, असे आपण म्हणालात.’ ते खरं होतं, म्हणून वाचलं. टाळ्या झाल्या. अक्का हात जोडून बसल्या होत्या, मान थोडी कलती.

पुढची ओळ बुटांची होती.

मी थांबले. लोकांना वाटलं, भावना दाटल्या. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मी उजवीकडे बघितलं. पडद्याच्या कडेला आई उभी होती, जाकिटाशिवाय, अनवाणी, फिनेलनं लाल झालेले पाय फळीवर ठेवून. ती हातानं मला खूण करत होती. वाच. वाच की.

अक्का माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्यांना माझी खात्री होती.

मी फाईल मिटली. माइक माझ्या उंचीला जास्त होता, तो खाली ओढला. त्याची करकर सगळ्या नाट्यगृहात ऐकू गेली. आणि मी म्हणाले,

“हे मानपत्र मी लिहिलंय. पुढचं वाक्य खोटं आहे, मला आज कळलं, ते मी वाचणार नाही. त्या पडद्याजवळ अनवाणी उभी आहे ती माझी आई. मी तिला ओळखते. आमचे पाय आम्ही धुतो. बूट कुठे आहेत, ते सांगा.”